फोडलेलं दूध

परभणीच्या मे महिन्यात आमच्या घरचं दूध नासायचं ते दुपारी तीनच्या सुमाराला. अम्मी चहासाठी पातेलं शेगडीवर ठेवायची आणि उकळी यायच्या आतच दुधाच्या कवड्या दिसायला लागायच्या. अम्मीचा चेहरा उतरायचा. दादी मात्र लगेच उठून लिंबू आणायची. "अर्धं फाटलंय ना, मग आता पुरतं फाडून टाक," म्हणायची. मलमलीच्या फडक्यात चोथा बांधून ती पाटा-वरवंट्यातला वरवंटा त्याच्यावर ठेवायची. संध्याकाळी मीठ-मिरी भुरभुरलेल्या वड्या आमच्या हातात पडायच्या.

भिंतीपलीकडे एक आजी राहायच्या. त्यांच्याकडेही त्याच उन्हात तसंच दूध नासायचं. त्या त्यात गूळ घालून, वेलदोडा टाकून ते आटवायच्या आणि वाटीभर नासकवणी भिंतीवरून आमच्याकडे यायची. आमच्या वड्या तिकडे जायच्या. आजी एक गोष्ट नेहमी सांगायच्या: चांगलं दूध मुद्दाम नासवू नये, त्यात लक्ष्मी असते. दादीनं हा नेम त्यांच्याकडून घेतला होता. आपोआप फाटलेलं दूध ती फाडायची, चांगल्या दुधात तिनं आयुष्यात कधी लिंबू पिळलं नाही.

मी आज परभणीत पनीर आणि चीजचं दुकान चालवते. रोज पहाटे शंभर-सव्वाशे लिटर चांगलं दूध माझ्या देखरेखीखाली मुद्दाम फोडलं जातं. दुकान सुरू केलं तेव्हा दादी नव्हती, पलीकडच्या आजी होत्या. उद्घाटनाला आल्या, काउंटरवरच्या पांढऱ्या चकत्यांकडे पाहून म्हणाल्या, "इतकं सगळं नासवलंस?" रागानं नव्हे, काळजीनं विचारलं त्यांनी. त्या प्रश्नाचं उत्तर शोधत मी गेली काही वर्षं वाचते आहे, विचारते आहे. आमच्या मुलखात दुधाचं काय काय झालं, कुणी केलं आणि कुणाच्या हातचं कुणी खाल्लं, हे मला समजून घ्यायचं होतं.

खाद्येतिहासाचे मोठे अभ्यासक के. टी. अचया यांनी दूध फोडण्याबद्दलच्या या निषेधाकडे लक्ष वेधलं होतं. दुधाला पवित्र मानणाऱ्या जुन्या परंपरेत ते मुद्दाम नासवणं वर्ज्य होतं, आणि बंगालात छेन्याची मिठाई रुजली ती पोर्तुगीजांच्या सहवासानंतर, अशी ती मांडणी. हुगळीकाठच्या बंडेलचं छोटंसं, मिठाचं, धुरावलेलं चीज आजही त्या सहवासाची खूण म्हणून दाखवतात. हे वाचल्यावर माझी पहिली समजूत अशी झाली, की आपण विकतो तो माल मुळातच परका आहे.

मग 'मानसोल्लास' भेटला. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला हा संस्कृत ग्रंथ साधारण ११३० चा. त्यात राजाच्या जेवणाचं सविस्तर वर्णन आहे. त्यात एक पदार्थ असा: तापवलेलं दूध आंबट घालून फोडायचं, फडक्यातून गाळून चोथा घ्यायचा, त्यात तांदळाचं पीठ मळायचं, गोळ्या करून तुपात तळायच्या आणि साखरेच्या पाकात सोडायच्या. नाव क्षीरप्रकार. पोर्तुगीज हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागायच्या साडेतीनशेहून अधिक वर्षं आधीची ही पाककृती आहे.

आणि ही कल्याणी कुठली? आजच्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. बिदर आणि परभणी हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. सोमेश्वराच्या राज्यात आमचा गोदाकाठही होता. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, याची नोंद याच ग्रंथात आहे. म्हणजे आमच्या आज्या-पणज्यांच्या ओवीची आणि फोडलेल्या दुधाची आठवण एकाच पुस्तकात सापडते. मी हे पलीकडच्या आजींना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "राजाच्या घरी चालत असेल बाई. आमच्याकडे दोन म्हशी होत्या."

त्या एका वाक्यात मला पुस्तकांपेक्षा जास्त मिळालं. नेम नुसता धर्माचा नव्हता, परिस्थितीचाही होता. एक लिटर म्हशीचं दूध फोडलं तर दोनशे ग्रॅमच्या आसपास पनीर हाती येतं. तेच दूध विरजलं की दही, दह्याचं ताक, ताकावरचं लोणी, लोण्याचं तूप. ताक घरात, शेजारात, शेतावरच्या माणसांत वाटलं जातं आणि तूप विकायला उरतं. दोन म्हशींच्या घराला विरजण परवडायचं, लिंबू परवडायचं नाही.

आमच्या मुलखातली जनावरंही नुसत्या दुधासाठी राखलेली नव्हती. लाल कंधारी गाय आणि देवणी या मराठवाड्याच्या दोन नामांकित जाती. लाल कंधारीची कीर्ती बैलांमुळे, देवणीची बैल आणि दूध दोन्हींमुळे. काळ्या रानात कापसाची आणि ज्वारीची नांगरट ओढणारा बैल देणारी गाय, म्हणून तिचा मान. लाल कंधारी दिवसाला दोन-तीन लिटर दूध देते, त्यातलं वासराच्या वाट्याचं वासराला. मराठवाडी म्हैस थोडं अधिक देते आणि तिचं दूध घट्ट, पण तीही काटक, कमी चाऱ्यावर तगणारी. अशा घरात दुधाचा पूर कधी येतच नसे. यायचा तो पावसाळ्यानंतर, दोन-तीन महिने. तेवढं जास्तीचं दूध टिकवायचं कसं, हा खरा प्रश्न होता.

युरोपात त्या प्रश्नाचं उत्तर चीज झालं, कारण तिथे थंड तळघरं होती. चीज मुरायला दहा ते तेरा अंशांची थंडी आणि दमट हवा लागते. परभणीत हिवाळ्यात पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो आणि मेमध्ये चव्वेचाळीसच्या वर. एका वर्षात एवढा फरक सोसणारं तळघर कोण बांधणार? म्हणून इथल्या माणसांनी पाणी उडवलं. दूध आटवलं आणि खवा केला. चार-पाच लिटरचा किलोभर खवा. धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्यामागे हाच जुना हिशेब आहे. डोंगराळ भाग, शहर लांब, वाट खराब. दूध पोचणार नाही, खवा पोचेल.

दुधाची भाषा ऐकली तरी इतिहास कळतो. दूध, दही, ताक, लोणी, तूप, साय हे शब्द घरातले, प्राकृताच्या वाटेनं आलेले. पण दूध उंबऱ्याबाहेर पडलं की शब्द बदलतात. बाजार, दुकान, तराजू, हिशेब, नफा, आणि रोज दारात येणारा रतीबसुद्धा, हे सगळे फारसी-अरबीकडून आलेले. पनीर आणि बर्फी त्याच वाटेनं आले. बहामनी राजवट, निजामशाही, मग आसफजाही निजाम, अशा सहाशे वर्षांत हे शब्द मराठीत इतके मुरले, की रतीब हा शब्द परका आहे असं सांगितलं तर पलीकडच्या आजी हसतील. चुलीपाशी दुधाचं नाव एक आणि पेठेत दुसरं. पण म्हैस तीच, धार तीच.

आमचं घराणं या दुसऱ्या बाजूचं. माझे आजोबा गावोगावी फिरून तूप आणि खवा गोळा करायचे. विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाच्या मुलखातून मनमाडकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे झाली. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्थानकं तिच्यावरची. कापसाच्या गाठींसाठी ती लाइन जगली, पण डब्याच्या कोपऱ्यात तुपाचे डबेही जायचे. आजोबांचं तूप बामणाच्या घरी जायचं, मारवाड्याच्या दुकानी जायचं, कुणी विचारायचं नाही. तूप तापवलं की शुद्ध, असा सर्वांचा विश्वास. ताज्या दुधाचं मात्र तसं नव्हतं. कुणाच्या हातचं दूध, हा प्रश्न प्रत्येक दारात होता.

त्यातही आमच्यापेक्षा खाली ढकललेले लोक होते. माझ्या दुकानात दूध तापवण्याचं, फोडण्याचं सगळं काम पाहते ती माझी सहकारी गंगाखेड तालुक्यातली, बौद्ध घरातली. तिच्या आजीनं दुष्काळानंतर एक म्हैस घेतली होती. गावात त्यांच्या हातचं दूध कुणी घ्यायचं नाही. आजी ते विरजायची आणि घरातच खायची. म्हैस होती, दूध होतं, गिऱ्हाईक नव्हतं. १९७२ चा तो दुष्काळ मराठवाड्यानं अजून विसरलेला नाही. त्याच वर्षी, १८ मे रोजी, परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं. आणि त्याच दशकात दुधाची सरकारी आणि सहकारी संकलनं गावागावांत पोचायला लागली.

दूध संकलन केंद्राचं मोल मी फार मोठं मानते. तिथे जो आधी आला तो आधी उभा राहतो. दूध मोजतात, फॅट काढतात, डिग्री बघतात आणि एकाच कॅनमध्ये ओततात. एकदा ओतलं की कुठलं कुणाचं, हे देवालाही वेगळं करता येणार नाही. माझ्या सहकारिणीच्या आजीला म्हातारपणी फॅटची चिठ्ठी मिळायला लागली. त्या चिठ्ठीवर नाव होतं, फॅट होती, रुपये होते. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी ती चिठ्ठ्या जपून ठेवायची. नात सांगते, आजी गेल्यावर तिच्या पेटीत त्या सापडल्या, दोऱ्यानं बांधलेल्या.

मी शिकले ते परभणीच्याच अन्नतंत्र महाविद्यालयात. ते १९७६ मध्ये सुरू झालं. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन आंबटानं कसं एकत्र येतं आणि रेनेट नावाच्या विकरानं कसं, हे पहिल्यांदा प्रयोगशाळेत पाहिलं तेव्हा मला दादीचं लिंबू आठवलं. तिथेच कळलं की चक्कासुद्धा चीजच आहे. दही फडक्यात टांगून रात्रभर पाणी निथळू दिलं, की जे उरतं त्याला मध्यपूर्वेत लबनेह म्हणतात. गुढीपाडव्याला घरोघरी श्रीखंडासाठी हे होतं. ज्या घरात दूध फोडायला बंदी, त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चीज टांगलेलं होतं. फरक क्रियापदाचा. दही लागतं. दूध फाटतं. लागण्यात जोडणं आहे, फाटण्यात तुटणं. भाषेनंच एकाला शुभ आणि दुसऱ्याला अशुभ ठरवलं.

हिंदुस्थानात चीज खरोखर कुणी सांभाळलं, हे पाहायला गेले तर मला बहुतेक वेळा थोडक्या संख्येची, कडेला राहणारी माणसं भेटली. जम्मूच्या डोंगरात गुज्जर मुसलमान गुराखी कलाडी करतात, गुरांमागं फिरताना दूध टिकवायला. हिमालयात याकाच्या दुधाचं छुर्पी. सुरत-मुंबईच्या पारशांचं टोपलीतलं पनीर, वेताच्या छोट्या टोपलीत जमवलेलं, स्वतःच्याच निवळीत, म्हणजे निथळलेल्या पाण्यात, तरंगणारं, लग्नाच्या जेवणात मानानं वाढलेलं. ते जमवायला पूर्वी कोंबडीच्या पोटाच्या आतलं वाळवलेलं साल वापरत. बंडेलचं पोर्तुगीज ख्रिस्तींच्या आठवणीतलं. ज्यांचा मुक्काम पक्का नव्हता किंवा जे लांबून आले होते, त्यांनी दूध टिकवायची विद्या बरोबर बाळगली. दुसऱ्या बाजूला १९५५ मध्ये आणंदला म्हशीच्या दुधाची पावडर करून दाखवणारे हरिचंद दलाया आणि त्यांचे सहकारी. म्हशीच्या दुधाचं काही होत नाही असं सांगणाऱ्या परदेशी तज्ज्ञांना त्यांनी खोटं ठरवलं. पुढं आणंदनं त्याच दुधाचं चीजही केलं. मी रोज वापरते ते त्याच म्हशीचं दूध. गाईच्या दुधाहून ते लवकर जमतं, दही घट्ट बसतं, रंग पांढराशुभ्र. युरोपची कृती जशीच्या तशी लावली तर चीज ठिसूळ होतं. तापमान आणि वेळ आपली आपण शोधावी लागते.

मुंबईच्या इलेफ्थेरिया या छोट्या चीजशाळेच्या ब्रुनोस्टला २०२१ च्या जागतिक चीज स्पर्धेत रौप्यपदक मिळालं, तेव्हा मी दुकानात सगळ्यांना पेढे वाटले. ब्रुनोस्ट म्हणजे नॉर्वेचं तपकिरी चीज. पनीर काढल्यावर उरलेली निवळी तासन्‌तास आटवून ते करतात. आम्ही दुधाचा खवा करतो, त्यांनी निवळीचा केला. कढई तीच, उलथनं तेच, तळाला लागू नये म्हणून सतत ढवळणाऱ्या हाताचा ठणकाही तोच.

दुकानाला जागा मिळणं सोपं नव्हतं. एका जागेचा सौदा ठरला होता. माझं पूर्ण नाव कळल्यावर मालकांनी अॅडव्हान्स परत केला. मुसलमान म्हणून एकदा नकार मिळाला, बाई म्हणून दुसऱ्यांदा. शेवटी जागा मिळाली ती एका निवृत्त शिक्षकांची, त्यांनी फक्त एवढंच विचारलं की निवळीचं पाणी गटारात सोडणार का. सोडत नाही. ते दुधवाले परत नेतात, जनावरांना पाजतात.

पहिल्या महिन्यातच मला कळलं की चीजच्या दुकानात सगळे एकच प्रश्न विचारतात. जिंतूरकडच्या जैन काकूंनी विचारला, "ताई, ह्याच्यात काय घातलंय?" त्यांना रेनेट वासराच्या पोटातलं तर नाही ना, हे हवं होतं, आणि लसणाची सुरी वेगळी आहे का, हेही. रमजानमध्ये आलेल्या एका चाचांनी विचारला, "आपा, इसमें क्या डाला है?" त्यांना ते हलाल आहे का, हे हवं होतं. कार्तिकी एकादशीला आलेल्या वहिनींना मीठ सैंधव आहे का, हे हवं होतं. विद्यापीठातल्या मुलाला पाम तेलाचं नकली पनीर तर नाही ना, हे. चौघांची श्रद्धा वेगळी, प्रश्न अक्षरशः एक. इतक्या वर्षांत माणसं एकमेकांच्या हातचं खायला का घाबरत आली, त्याचं उत्तर मला तिथे मिळालं. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं.

म्हणून मी काउंटर आणि कामाची जागा यांच्यात काच बसवली. दूध कढईत पडतं ते पडद्याआड नाही. प्रत्येक चकतीवर मराठीत आणि उर्दूत लिहिलेलं असतं: दूध म्हशीचं की गाईचं, कशानं फोडलं, लिंबाच्या सत्त्वानं, दह्यानं की बुरशीपासून केलेल्या रेनेटनं, मीठ कुठलं, तारीख कुठली. जनावरांचं रेनेट मी वापरत नाही. लसणाच्या चीजला वेगळी फळी, वेगळी सुरी, वेगळा माणूस. हे सगळं करायला पैसे लागतात, वेळ लागतो. पण एका गिऱ्हाइकाचा नेम पाळला म्हणून दुसऱ्याचा मोडला, असं एकदाही झालं नाही. मला पूर्वी वाटायचं, सगळ्यांसाठी खुलं दुकान म्हणजे जिथे कुणी काही विचारत नाही. आता वाटतं, जिथे कुणीही काहीही विचारू शकतो आणि खरं उत्तर मिळतं, ते दुकान सगळ्यांचं.

माझा सगळ्यात खपणारा माल विचाराल तर चक्क्याच्या गोळ्या. घट्ट चक्क्यात मीठ आणि ओवा मळून लिंबाएवढ्या गोळ्या करायच्या आणि करडईच्या घाण्याच्या तेलात बुडवून ठेवायच्या. करडई आमच्या रानातली. विद्यापीठानं तिचं वाण काढून त्याला 'परभणी कुसुम' हे नाव दिलं. पोर्तुगाल-स्पेनमध्ये काही चीजं काटेरी फुलांच्या केसरानं जमवतात, आणि ती काटेरी झुडपं करडईच्याच कुळातली. हे वाचल्यापासून फुललेल्या करडईच्या शेताकडे मी वेगळ्या डोळ्यांनी पाहते. ज्वारीच्या गरम भाकरीवर ती गोळी कुस्करून खातात. फेब्रुवारीत परभणीच्या दर्ग्यात तुराबुल हक साहेबांचा उरूस भरला, की बाहेरगावचे पाहुणे बरण्या घेऊन जातात. उरुसात सगळ्या जातिधर्मांची माणसं येतात, बरण्याही तशाच सगळीकडे जातात.

१० डिसेंबर २०२४ ला परभणीत रेल्वे स्टेशनजवळच्या डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद होता आणि शहरात तोडफोड, जाळपोळ झाली. आम्ही शटर ओढलं. पण दूध पहाटे आलेलं होतं. म्हैस बंद पाळत नाही. आत आम्ही तिघी, बाहेर सायरन. माझी सहकारी सकाळपासून रडत होती, संविधानासाठी. संध्याकाळपर्यंत ते दूध आपोआप नासलं असतं. तिनंच डोळे पुसले आणि कढई चढवली. सगळं फोडलं. मिठाच्या पाण्यात घातलं. ते चार दिवस टिकलं, आणि शहर सावरल्यावर आमच्या गल्लीत घरोघरी आम्ही ते वाटलं, दोन्ही बाजूंच्या घरांत.

त्या बंदच्या रात्री मला पलीकडच्या आजींच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. नासणं वेगळं आणि फोडणं वेगळं. नासतं ते आपण लक्ष न दिल्यानं. फोडायचं ते वेळ पाहून, जपून, टिकावं म्हणून. वाटण्याच्या दिवशी मी पहिली वाटी त्यांच्या दारात नेली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, बोटानं एक तुकडा तोडला आणि तोंडात टाकला. मग आत गेल्या आणि माझी वाटी गूळ भरून परत दिली. रिकामी वाटी परत करायची नाही, हा भिंतीच्या दोन्ही बाजूंचा जुना नेम.